भीमाकाठचे द्राक्षमळे आणि त्यांतील पायवाटा



किल्ले, देवळे, संत आणि लढाया यांवरील व्याख्याने आपण नेहमीच ऐकता. आमचा विषय त्या मानाने अगदीच जमिनीवरचा आहे. आम्हांला बोलावयाचे आहे ते पायवाटांविषयी. आणि त्याही आपल्या दौंड-शिरूर भागातील माळांवरच्या, टेकड्यांवरच्या व द्राक्षमळ्यांमधल्या. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांनी, कचेऱ्यांच्या व्हरांड्यांनी आणि सार्वजनिक वाचनालयातील जुन्या गॅझेटियरांनी दिले. तेव्हा आमच्या बोलण्यात विद्वत्तेपेक्षा पायांची धूळच अधिक आढळली, तर आपण ती पदरात घ्यावी, एवढी विनंती आहे.

थंडीच्या दिवसांत रविवारी पाटसच्या नाक्यावर उभे राहिले की एक नवे दृश्य दिसते. पुण्याकडून मोटारी येतात. त्यांतून पाठीला पिशवी आणि पायांत जाड तळाचे बूट घातलेली तरुण मंडळी उतरतात. कोणी भुलेश्वराच्या रांगेकडे वळते, कोणी रोटीचा घाट चढून द्राक्षांच्या बागा पाहावयास जाते. परदेशात द्राक्षमळ्यांतून हिंडण्यासाठी आखलेल्या वाटा असतात, तशा आपल्याकडेही असाव्यात, असे त्यांना वाटते; आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. अशाच एका तरुणाने आम्हांला विचारले, “काका, इथं चालायला चांगली वाट कुठली?” आम्ही त्याला वाट दाखविली. परंतु घरी आल्यावर आमच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला. जी वाट आम्ही इतक्या सहज दाखविली, ती पाडली कोणी? हा माळ एकेकाळी कुसळांचा. त्यावर वाट आली कशी, पाणी आले कसे आणि द्राक्षांचा वेल आला कसा? आजचे आमचे सारे निवेदन या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. आपला मुलूख जुन्या कागदपत्रांत भीमथडी म्हणून ओळखला जातो. मराठ्यांच्या फौजेतील भीमथडी घोडी याच थडीची. उत्तरेस भीमा, तिच्या पलीकडे शिरूरची घोडनदी, आणि दक्षिणेस पुरंदरकडून पूर्वेला उतरत आलेली भुलेश्वराची डोंगररांग. ही रांग जसजशी पूर्वेकडे येते, तसतशी तिची उंची मोडते आणि तिच्या टेकड्या होतात. पाटसहून बारामतीकडे जाताना लागणारा रोटीचा घाट म्हणजे याच उतरत्या रांगेतील एक लहानशी खिंड. सह्याद्रीच्या घाटांशी त्याची तुलना करणे हास्यास्पद ठरेल. पण पायी चालणाऱ्याला या टेकड्या मोठ्या सोयीच्या. चढ फार नाही, दृष्टी लांबवर जाते, आणि मुरमाड जमिनीवर पाय घसरत नाही. उणीव एकच, आणि ती फार मोठी. ती म्हणजे पाऊस. मावळात धो धो कोसळणारे ढग येथवर येतात ते रिकामे होऊन. वर्षाकाठी वीस इंचांच्या आतबाहेर पाऊस पडावा, आणि तोही लहरीने, हा या भूमीचा जुना भोग आहे.

आता वेलाकडे वळू. द्राक्ष आपल्याकडे कालपरवा आले, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या रसापासून केलेल्या मद्यास ‘मधु’ म्हटले आहे, आणि त्याची नावे वायव्येकडील प्रदेशांवरून पडलेली आहेत. दक्षिणेत चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस आला, तेव्हा तेथे द्राक्षे व डाळिंबे होत असून ती वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नमूद केले. हे ‘दोनदा’ फार महत्त्वाचे आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो. बर्फ वितळले की जागा होतो आणि भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास त्याची द्राक्षे उतरतात. आपल्याकडे त्याला झोप घेण्यापुरती थंडीच नाही. म्हणून आपला शेतकरी कात्रीने त्याला झोपवितो आणि कात्रीनेच उठवितो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे वेलाची काडी तयार करावयाची. आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळ धरावयाचे. द्राक्षे उतरतात ती माघ-फाल्गुनात. आपल्याकडचा द्राक्षमळा हा असा निसर्गापेक्षा कात्रीचा, म्हणजेच माणसाच्या हाताचा, अधिक ऋणी आहे.

पूर्वी पुणे व नाशिक जिल्ह्यांत पांगाऱ्याच्या खुंटांवर किंवा मांडवावर वेल चढवीत. भोकरी, फकडी, साहेबी ही नावे वृद्धांच्या कानांवर असतील. पुढे गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी केलेल्या निवडीतून ‘चीमा साहेबी’ निघाली. मग हैदराबादेकडून अनाबेशाही आली, त्यानंतर बिनबियांची थॉम्सन आली. तासगावच्या शेतकऱ्याने स्वतःच्या बागेत हेरलेली ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळ नान्नजला निघालेली ‘सोनाका’ या शेतकऱ्यांच्या डोळ्यांनी शोधलेल्या जाती होत; प्रयोगशाळेने नव्हे. १९९७ साली पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. खारवट पाण्याला व दुष्काळाला तोंड देण्यासाठी ‘डॉगरिज’ या रानटी खुंटावर कलम बांधण्याची रीतही याच सुमारास आपल्याकडे रुळली. म्हणजे वर गोड जात, खाली कडवा खुंट. समाजाचीही रचना पुष्कळदा अशीच असते. असो.

परंतु कात्री असून भागत नाही. वेलाला पाणी लागते. आणि आपल्या भागातील पाण्याचा इतिहास म्हणजे दुष्काळी मजुरांचा इतिहास आहे. खडकवासल्याचे धरण आणि त्याचा मुठा उजवा कालवा ही गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातली, १८६८ नंतरची कामे. हा कालवा पूर्वेकडे दौंड तालुक्यात येतो. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर जो महाभयंकर दुष्काळ कोसळला, त्या काळात पिंपळगावजवळचा मातोबा तलाव आणि तिकडे रोटीपलीकडचा शिर्सुफळचा तलाव ही दुष्काळी कामे म्हणून हाती घेण्यात आली. पोटासाठी गाव सोडलेल्या कुणब्यांनी, महार-मांगांनी, धनगर-रामोशांनी, बायकांनी आणि पोरांनी टोपल्यांनी माती वाहून ते बांध घातले. आज त्या बांधांवरून फिरावयास जाणारे लोक थंड वाऱ्याची स्तुती करतात. ती त्यांनी अवश्य करावी. पण त्या मजुरांना काय मिळत होते, तेही ध्यानात असू द्यावे.

१८७७ च्या आरंभी, हिंदुस्थान सरकारचे दुष्काळी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामांवरील मजुरीचे मान खाली आणण्यात आले. दिवसभर खणून एक पौंड धान्य आणि वर चिल्लर, असा तो हिशेब होता. एक पौंड म्हणजे आपला अर्धा शेर. तेव्हा दख्खनमधील हजारो मजुरांनी कामे सोडली. त्यांच्यापाशी ना संघटना होती, ना वर्गणी, ना पुढारी. मरण समोर दिसत असतानाही त्यांनी टोपली खाली ठेवली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आम्ही गेली तीस वर्षे कामगार चळवळीत आहोत. संपाचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो, असे आम्हीही तरुणपणी सांगत होतो. पुढे हे सारे वाचल्यावर आमचे आम्हांलाच उमगले की संप आपल्याच माळावर, तलावाच्या मातीत, त्याही आधी होऊन गेला होता.

तसाच आणखी एक प्रसंग शिरूर तालुक्यातला. कर्डे या गावी १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने गावच्या देशमुखावर हुकूमनामा बजावून त्याचे घर पाडावयास घेतले. त्यावर गावकऱ्यांनी एकमत केले की सावकारांच्या शेतात कोणी राबावयाचे नाही, न्हाव्याने हजामत करावयाची नाही, कोणी पाणी भरावयाचे नाही. आज आपण ज्याला ‘बॉयकॉट’ म्हणतो तो शब्द आयर्लंडमध्ये १८८० साली जन्मला. कर्ड्याच्या लोकांनी ती गोष्ट शब्द जन्मण्यापूर्वीच करून दाखविली. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्यास दंगा झाला, कर्जरोखे जाळण्यात आले, आणि तो वणवा भीमथडी, शिरूर, इंदापूर असा पसरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले तेव्हा कर्ज सुलभ झाले. युद्ध संपून भाव कोसळले, सारा मात्र वाढला, आणि शेतकरी मधल्यामध्ये चेचला गेला. यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. न्यायमूर्ती रानड्यांची पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तीही याच १८७५ साली. एकीकडे शहरात ज्ञानाचे दिवे लागत होते आणि एकीकडे तीस-चाळीस मैलांवर कर्जरोख्यांची होळी पेटत होती. वसंतात भरणाऱ्या अशा सभेत उभे राहून बोलताना या योगायोगाचा आम्हांला विसर पडत नाही.

आपण म्हणाल, द्राक्षमळ्यांच्या वाटांशी या जुन्या कर्जाचा काय संबंध? संबंध असा की द्राक्ष हे गरिबाचे पीक नव्हे, तरी ते कर्ज काढून करणारा बहुधा लहान शेतकरीच असतो. मांडवाचे लोखंड, तारा, ठिबकच्या नळ्या, औषधे, हे सारे फळ दिसण्यापूर्वी विकत घ्यावे लागते. भाव मात्र परक्याच्या हाती. सातासमुद्रापलीकडच्या युद्धाने कर्ड्याचा शेतकरी बुडाला. त्याच रीतीने सातासमुद्रापलीकडची मंदी द्राक्षवाल्याला कशी बुडविते, ते आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

तो इतिहास थोडक्यात असा. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात फेसाळती वाइन करण्याचा कारखाना काढला आणि ती परदेशी पाठविली. १९९९ च्या सुमारास नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी ‘सुला’चा उद्योग सुरू केला. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून करांत सवलती दिल्या. ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा, त्याच राज्यात वाइनला शेतमालाचा मान मिळाला. आपल्या दौंड तालुक्यात रोटीजवळ ‘फोर सीझन्स’ची वायनरी उभी राहिली, ती या लाटेतच. युरोपातल्या जुन्या सरदारी वाड्यासारखी ती इमारत, भोवती शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लां असल्या जातींच्या ओळी, आणि पाहुण्यांना बागेतून फिरविण्याची सोय. आपल्या भागातील ‘द्राक्षमळ्यातली सहल’ खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाली. पुढे तिची मालकी बदलली. मधल्या काळात, २००८ च्या जागतिक मंदीनंतर, वाइनचा खप बसला. नारायणगावची कंपनी २०१० च्या सुमारास कर्जात बुडाली. नाशिककडे कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती मुळासकट उपटल्या. कारण ती द्राक्षे बारीक, बियांची आणि जाड सालीची. कारखान्याने घेतली नाहीत, तर बाजारात खाण्यासाठी त्यांना गिऱ्हाईक नाही.

वाइन चांगली की वाईट, या वादात आम्ही शिरत नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा आपल्या शेजारच्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता, हे आपणांस आठवत असेल. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही कामगार वस्त्यांत इतकी पाहिली आहेत की आमचे स्वतःचे मत सांगण्याची गरज नाही. पण आम्हांला येथे एक वेगळीच गोष्ट सांगावयाची आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांवर एक औषध लावतात. बायामाणसे त्याला ‘पेस्ट’ म्हणतात. त्यात हायड्रोजन सायनामाइड असते. ते कातडीवर पडले तर भाजते. आणि त्याचा अंश शरीरात गेलेल्या माणसाने दारू घेतली, तर अंग लालबुंद होते, छाती धडधडते, जीव घाबराघुबरा होतो. म्हणजे ज्या हातांनी वेल जागा करावयाचा, त्यांना त्या दिवसांत त्याच्या रसाचा घोटही विषासारखा. हातमोजे द्यावेत असे डब्यावर छापलेले असते; हातमोजे मात्र सगळीकडे दिसत नाहीत.

आता रोटीच्या घाटातील सर्वांत जुन्या पायवाटेकडे येऊ. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखीची प्रथा सुरू केली. ही पालखी यवत, वरवंड, पाटस असे मुक्काम व विसावे घेत रोटीचा घाट चढते आणि उंडवडीकडे उतरते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर आपल्या भागातला हा सर्वांत मोठा ‘हायकिंग ट्रेल’ होय. फरक एवढाच की त्यावर चालणारे लोक निसर्ग पाहावयास येत नाहीत, विठ्ठल पाहावयास जातात. घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, ते पाहावयास अवघा तालुका लोटतो. ते दिवस ज्येष्ठ-आषाढाचे. द्राक्षाच्या वेलावर तेव्हा नुसता हिरवा पाला असतो. घड लागतात तेव्हा घाट रिकामा असतो. घाट भरतो तेव्हा वेल रिकामा असतो. २०२१ च्या नोव्हेंबरात या पालखी मार्गाच्या चौपदरी रस्त्याचे भूमिपूजन झाले. पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटरच्या या रस्त्याच्या योजनेत पायी चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र मार्ग धरलेला आहे. पायी चालणाऱ्याला रस्त्यात हक्काची जागा असते, ही गोष्ट सरकारनेच मान्य केली, याचा आम्हांला आनंद वाटला. तो आनंद का वाटला, ते सांगण्यासाठी आमच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगणे भाग आहे.

भीमेपलीकडच्या एका टेकडीवर खाण्याच्या द्राक्षांची बाग होती. गावाचे आणि मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही. घड विरळणीच्या कामावर वाडीतल्या वीस-बावीस बाया जात. हे काम उकत्यावर, एकरी ठरवून दिलेले. पावसाचे कारण सांगून मालकाने त्यांचे निम्मे पैसे अडविले होते. आम्हांला निरोप आला, आम्ही गेलो. मारुतीच्या पारावर बैठक घेतली आणि नेहमीच्या सवयीने मागण्यांचा कागद लिहावयास घेतला: थकलेली मजुरी, हातमोजे, पिण्याचे पाणी, आडोसा. लिहून झाल्यावर तो मोठ्याने वाचून दाखविला. सगळ्या गप्प. शेवटी एक म्हातारी मावशी म्हणाली, “भाऊ, समदं बरं लिवलंय. पर वाट कुटं लिवली?”

आम्हांला काही कळेना. तेव्हा उलगडा झाला. वाडीपासून टेकडीच्या पोटातून बागेत, आणि बागेच्या कडेने पुढे शाळेकडे व डांबरी सडकेकडे जाणारी एक जुनी पायवाट होती. मालकाने शहरातल्या पाहुण्यांसाठी टेकडीवर खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांना निवांत फिरता यावे म्हणून ती वाट काटेरी तारेने बंद केली. वाटेच्या दोन्ही बाजूंना त्याने फुलझाडे लावली होती. पाहुणे सकाळी त्याच वाटेने हिंडत. बायांना आणि शाळेच्या पोरांना मात्र ट्रक धावणाऱ्या सडकेवरून दीड कोसाचा वळसा पडे. मावशीचे म्हणणे असे की मजुरी एका हंगामाची, वाट जन्माची. “बाहत्तरच्या दुष्काळात ह्या वाटंचा मुरूम म्या डोक्यावर व्हायलाय,” ती म्हणाली, “आन आता म्याच वळसा घालू व्हय?”

तिच्या त्या वाक्याने आमची मान खाली गेली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या मातोश्रीही खडी फोडण्याच्या कामावर होत्या. आम्ही तेव्हा झाडाला बांधलेल्या झोळीत होतो. दुपारी सुकडी मिळे, ती खाऊन आम्ही वाढलो. त्या दुष्काळात नालाबांध, पाझर तलाव, टेकड्यांचे बांधबंदिस्तीचे चर आणि गावोगावचे कच्चे रस्ते झाले; त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. हे सारे आम्ही भाषणांत शेकडो वेळा सांगितले होते. पण त्या रस्त्यांवर खडी फोडणारीचा काही हक्क उरतो, हे आमच्या कागदात कधी आलेच नव्हते. आम्ही मजुरी मोजावयास शिकलो होतो, वाट मोजावयास नव्हे.

मग आम्ही कागद फाडून नवा लिहिला. वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदारापुढे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. ही माहिती आपणांपैकी पुष्कळांच्या उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम सांगतो. अर्ज झाला, पंचनामा झाला, तारखा पडल्या. बायांना काम गमावण्याची धास्ती होती. तिघींची नावे अर्जातून मागे घेण्यात आली, त्यांना आम्ही दोष दिला नाही. अखेर मालकाने निकालाची वाट न पाहता तडजोड केली. तारेत एक फाटक बसले. ते पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत उघडे राहील, असे कागदावर आले. थकलेली मजुरी मात्र पुरती मिळाली नाही. तेव्हा हा विजय होता की हार, हे आम्ही अजून ठरवू शकलो नाही. वाडीतल्या बाया त्याला विजय म्हणतात.

हा प्रश्न एकट्या भीमथडीचा नाही. इटलीच्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावे आहेत. समुद्रावर उभ्या तुटलेल्या डोंगरावर तेथील शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे दगडावर दगड रचून, चुन्याशिवाय, बांध घातले आणि त्यांवर द्राक्षे लावली. जगभरचे लोक त्या बांधांवरून चालावयास जातात. १९९७ साली तो प्रदेश जागतिक वारसा ठरला. तेथील ‘प्रेमाची वाट’ म्हणून गाजलेली पायवाट मुळात रेल्वेच्या बोगद्याचे काम चालू असताना मजुरांच्या ये-जा करण्याने पडली. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात हे सांगताना आम्हांला विशेष वाटते. २०१२ साली दरड कोसळून ती बंद झाली आणि २०२४ साली पुन्हा खुली झाली. पण खरी मेख पुढेच आहे. तरुण मंडळी शेती सोडून गेली, बांधांची डागडुजी थांबली, तेव्हा डोंगर खाली येऊ लागला. पाहुणे वाटेवर चालतात. वाट टिकते ती मात्र बांध सावरणाऱ्याच्या हातावर.

चालण्याचा हक्कही कोणी आपण होऊन देत नाही. इंग्लंडात २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे कित्येक शेकडा तरुण कामगार किंडर स्काउट या डोंगरावर मुद्दाम मनाई मोडून चढले. ते डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले होते. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्याने व मोकळ्या रानात जाण्याविषयीचा कायदा झाला, त्यामागे त्या पोरांची पावले होती.

आणि अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील डेलानो येथे, ८ सप्टेंबर १९६५ रोजी द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढारीपणाखाली संप पुकारला. आठवड्याभरात सीझर चावेझ यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. १९६६ च्या मार्चमध्ये ते डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोला पायी निघाले. द्राक्षांच्या मुलखातून पंचवीस दिवस चालत ते ईस्टरच्या रविवारी पोहोचले. ती एक दिंडीच होती. पुढे देवीचे निशाण होते. वाटेवर असतानाच मद्याच्या एका मोठ्या कंपनीने त्यांच्या संघटनेस मान्यता दिली. खाण्याच्या द्राक्षांवर देशभर बहिष्कार पडला आणि १९७० साली मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. कर्ड्याचा बहिष्कार आणि आपली वारी, या दोन्ही गोष्टी नकळत त्या परक्या मुलखात एकत्र आल्या होत्या, असे आम्हांला ते वाचताना वाटले.

आता आपल्याकडे काय करावे? महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली मोरांसाठी गाजली. टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामधल्या कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहावयास लोक येतात. द्राक्षमळ्यांच्या वाटाही उद्या आखल्या जातील. त्या आखाव्यात, असेच आमचे मत आहे. तालुक्यातील पोरांना वाटाड्याचे काम मिळेल, बचत गटाच्या बायांची भाकरी विकली जाईल. परंतु त्याबरोबर तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, कोणतीही जुनी वहिवाट पाहुण्यांसाठी बंद होऊ नये. पाहुणा आणि मजूर एकाच वाटेने चालू शकतात. दुसरी, ज्या बागेतून वाट जाते तेथे मजुरांसाठी पिण्याचे पाणी, आडोसा आणि औषधाच्या कामाला हातमोजे असावेत. पाहुण्यांसाठी ज्याने फरशी बसविली, त्याला हे जड नाही. तिसरी, वाटेच्या तोंडाशी एक फलक असावा. त्यावर द्राक्षाच्या जातीचे नाव अवश्य लिहावे. पण तलाव कोणत्या दुष्काळात झाला, रस्ता कोणत्या सालच्या कामावर झाला, हेही लिहावे. नावे सापडणार नाहीत हे आम्ही जाणतो. हजेरीपट कधीच वाळवीने खाल्ले. साल तरी लिहावे.

पाटसच्या नाक्यावर भेटलेला तो तरुण पुन्हा भेटला, तर आम्ही त्याला हीच वाट दाखवू. मात्र या वेळी त्याला सांगू की माघात ये, विरळणीच्या वेळी नको, तेव्हा बायांच्या कामात अडथळा होतो. शिर्सुफळच्या बांधावर घटकाभर बैस. आणि भीमेपलीकडच्या त्या टेकडीवर गेलास, तर फाटक आपल्या मागे लावून घेऊ नकोस. दिवेलागणीपर्यंत ते उघडेच राहावयाचे आहे.